काचेवर जपलेली माणसे

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरची माणसे म्हटली की आपल्याला सिनेमातले ‘रेड इंडियन’ आठवतात. डोक्याला पिसे लावून ते ओरडत येतात आणि गोऱ्यांच्या गोळ्या खाऊन पडतात. त्यांना नाव नसते. वास्तविक ते त्या भूमीचे मूळनिवासी, आणि जमीन गेली ती त्यांचीच. त्यांची खरी छायाचित्रे आजही शाबूत आहेत. ती कोठे जपली गेली, हे आमच्या वाचकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

१८९८ साली ओमाहा शहरात मोठे प्रदर्शन भरले. तेथे यंत्रे व धान्य यांच्या जोडीला माणसेही मांडली गेली. निरनिराळ्या जमातींचे पाचशेहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुलेबाळे आणून मैदानात त्यांचा तळ ठेवला. लोक तिकीट काढून त्यांना बघत. त्यांत अपाची जमातीचा लढवय्या जेरोनिमो होता. १८८६ मध्ये शरण आल्यापासून तो युद्धकैदी होता आणि १९०९ साली मरेपर्यंत कैदीच राहिला.

फ्रँक राइनहार्ट हे या प्रदर्शनाचे अधिकृत छायाचित्रकार. परंतु यातील बहुतेक चेहरे टिपले ते त्यांचे मदतनीस अ‍ॅडॉल्फ मूर यांनी. कष्ट मदतनिसाचे आणि नाव मालकाचे, हे कामगार वाचकांना वेगळे सांगायला नको! मात्र चित्रे पाहताच जाणवते की, बघ्यांसाठी आणलेली ही माणसे ताठ मानेने आपल्याकडे बघत आहेत. पुष्कळ चित्रांवर माणसाचे नाव व जमात लिहिलेली आहे.

त्या काळी असे चित्र आठ बाय दहा इंचांच्या काचेवर घेत. काचेवर जिलेटिन व चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. काच फुटते, ओल लागली की थर सुटतो, बोटाचा ठसा कायमचा उमटतो. म्हणून काच कडेनेच धरावी लागते. प्रत्येक काचेला आम्लरहित कागदाचे वेगळे पाकीट करून ती उभी ठेवावी लागते.

या काचा आज कॅन्सस राज्यातील हॅस्केल विद्यापीठात आहेत. १८८४ साली सरकारने काढलेली ती निवासी शाळा. तेथे मूळनिवासी मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. मुलांनी आपले घर विसरावे हाच हेतू. तेथे मेलेल्या मुलांच्या कबरी अजूनही जवळच आहेत. तीच संस्था १९९३ मध्ये मूळनिवासींचे विद्यापीठ झाली. १९९४ पासून तेथे या काचांची जपणूक, प्रती काढणे व नोंदणी यांचे काम पद्धतशीर सुरू झाले. ज्या वास्तूत ओळख पुसली जात होती, तेथेच पूर्वजांचे चेहरे सांभाळले जाऊ लागले.

मूळ चित्र का जपावे? एडवर्ड कर्टिस या नामवंत छायाचित्रकाराने १९१० च्या सुमारास पिगन जमातीच्या दोघांचे तंबूत चित्र घेतले. मध्ये एक घड्याळ होते. हे लोक जुनाट दिसावेत म्हणून छापताना त्याने ते पुसून टाकले. मूळ चित्र राहिले, म्हणूनच ही लबाडी उघड झाली.

आपल्याही घरी गिरणीतल्या खात्याचे किंवा १९५६ च्या धम्मदीक्षेच्या काळातले आजोबांचे एखादे छायाचित्र असेल. ते ओल्या भिंतीला टांगू नका, डिंकाने चिकटवू नका, लॅमिनेशनही करू नका. मोबाईलवर त्याची प्रत काढून दोन-तीन घरी ठेवा. मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. बाजूला उभे असलेले कोण, हे आजीला आजच विचारा. तिच्या पश्चात ते सांगणारे कोणी नसेल.