हप्ता फेडणारी गाडी

कंपनीला गाडी लावणं हा तळोजा परिसरातला जुना आणि जोखमीचा धंदा. पेंधर, घोट, नावडे, वलप, तोंडरे या गावांच्या जमिनी कुठे एमआयडीसीत गेल्या, कुठे सिडकोत. भाताच्या खाचरांवर रसायनांचे, धातूंचे, खतांचे कारखाने उभे राहिले. मोबदल्याच्या पैशात कुणी घर बांधलं, कुणी पोरींची लग्नं लावली. ज्याला धंद्याची नजर होती त्यानं टँकर घेतला, डंपर घेतला, नाहीतर एखादी आठ माणसांची गाडी घेऊन ती कारखान्याच्या साहेबांसाठी महिन्याच्या भाड्यानं लावली.

या धंद्याचा हिशोब सरळ आणि निर्दय असतो. भाडं ठरलेलं, किलोमीटर ठरलेले, बँकेचा हप्ता ठरलेला. न ठरलेली एकच गोष्ट म्हणजे गाडी कधी बंद पडेल. ती पडली तर बदली गाडी मालकानं द्यायची, आणि ती बाहेरून घ्यायची तर त्या दिवसाची कमाई जाऊन वर खिशातून पैसे भरावे लागतात. महिन्यात असं दोनतीनदा झालं की कंपनी दुसरा गाडीवाला बघते. म्हणून या भागातला माणूस गाडीबद्दल बोलायला लागला की वेग, रंग, गाणी वाजवायची यंत्रणा यांच्याकडे वळतच नाही. इंजिनाला पाना कधी लागला, हे तो आधी विचारतो. या प्रश्नाचं उत्तर पंचवीसेक वर्षं सगळ्यांत पक्कं दिलं ते टोयोटानं, आधी क्वालिसच्या आणि मग इनोव्हाच्या रूपानं.

क्वालिस भारतात आली जानेवारी २००० मध्ये. तोवर भाड्याच्या धंद्यात राज्य होतं पुण्याच्या टाटा सुमोचं, १९९४ पासून. क्वालिस दिसायला काही नवी नव्हती. १९८६ पासून इंडोनेशियात चालत असलेल्या किजांग गाडीचाच तो भारतीय अवतार. नाक चपटं, अंग डब्यासारखं, मागे पाटे. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीनं आपल्याला शिळी गाडी दिली, अशी टीका तेव्हा खूप झाली. पण २४४६ सीसीचं, टर्बो नसलेलं ते ७५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन कशाचीच घाई करत नसे, आणि म्हणूनच टिकत असे. आत आठ-दहा माणसं बसत. गाडी नवी होती तोवर दारं जशी लागत, तशीच ती अनेक वर्षांनंतरही लागत. दाराचा हा आवाज ऐकून गाडी पारखणारे लोक मी पाहिले आहेत.

काळही जुळून आला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे पहिले टप्पे २००० मध्येच खुले झाले आणि २००२ मध्ये पूर्ण रस्ता वाहता झाला. त्याचं तोंड कळंबोलीला, म्हणजे तळोज्याच्या दारातच. कारखान्याचे साहेब पुण्याला सकाळी जाऊन रात्री परतू लागले. एमएच-०६ ची, म्हणजे पेणच्या आरटीओची पाटी लावलेल्या क्वालिस त्या रस्त्यावर रोजच्या झाल्या. पनवेलला एमएच-४६ ही स्वतःची पाटी मिळाली ती नंतर.

ही गाडी जपानी म्हणून ओळखली गेली, पण तिच्या मागच्या नावात एक मराठी घराणं आहे, आणि त्याच्याकडे आपलं लक्ष फार कमी जातं. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली आणि कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला उभा राहिला. आज तिच्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११ टक्के आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीपोटी शेतकरी तो नांगर घेईनात; पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि निवडुंग काढून तिथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात डिझेल इंजिनं आली आणि महाराष्ट्रातल्या विहिरींवर धडधडू लागली. त्या इंजिनांनी खेड्यापाड्यांतल्या माणसाला यंत्राचे कान दिले. इंजिन आवाज बदलतं तेव्हा ते काहीतरी मागत असतं, हे विहिरीवर कळलेलं ज्ञान पुढे गाडीवाल्याच्याही कामाला आलं.

टोयोटाचं मूळही मोटारीत नाही, मागात आहे. साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. त्यानं १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागात एक करामत होती. उभ्यातला एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबे, त्यामुळे सदोष कापड विणलंच जात नसे. भिवंडी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी केलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. धागा तुटलेला लक्षात आला नाही तर वारच्या वार कापड वाया जातं आणि पगारातून कापलं जातं. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना एक लाख पौंडांना देण्याचा करार झाला. साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारीचा ध्यास होता. १९३५ मध्ये त्याचा पहिला ट्रक विक्रीला आला, आणि तो सारखा बंद पडे. माणसं पाठवून, फुकट दुरुस्त्या करून गिऱ्हाईक सांभाळावं लागलं. १९३७ मध्ये मोटार कंपनी वेगळी झाली, पण मागाचं तत्त्व तिनं सोडलं नाही. जोडणीच्या रांगेवर कामगाराला दोष दिसला की त्यानं दोरी ओढायची; दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर रांग थांबते.

तळोज्याच्या गाडीवाल्याला जे हवं असतं त्याचं मूळ मला इथे दिसतं. कारखान्यात दोषासाठी थांबायची तयारी आहे, म्हणून गाडी रस्त्यात थांबत नाही. हे तत्त्व कुठल्याही जाहिरातीत नीट सांगितलं गेलेलं नाही, पण नावड्याच्या नाक्यावर ते रोज तपासलं जातं.

२००५ च्या सुरुवातीला टोयोटानं चांगली खपणारी क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. भाड्याच्या धंद्यातल्या लोकांना तो निर्णय पटला नव्हता, कारण नवी गाडी महाग होती. काहीजण शेव्हरोले टवेराकडे वळले. पण इनोव्हाचा पाठीचा कणा क्वालिससारखाच होता. खाली शिडीसारखी मजबूत चौकट, ताकद मागच्या चाकांना, २४९४ सीसीचं टर्बो डिझेल. फरक होता तो बसणाऱ्याच्या पाठीला कळणारा. मागचे पाटे गेले, स्प्रिंग आल्या. ज्या साहेबांनी क्वालिसच्या मागच्या सीटवर बसून मुंब्रा-पनवेल रस्ता काढला होता, त्यांना यापेक्षा जास्त काही सांगावं लागलं नाही.

तो रस्ता समजल्याशिवाय इथल्या गाडीची परीक्षा समजत नाही. जेएनपीटीहून निघालेला कंटेनर कळंबोली, तळोजा, शिळफाटा करत मुंब्रा बायपासवरून भिवंडीकडे जातो. त्या ट्रेलरांच्या रांगेत इनोव्हा दुसऱ्या गियरमध्ये तासतास रांगते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खड्ड्यांत पाणी असतं, म्हणजे खड्डा किती खोल ते चाक पडल्यावर कळतं. क्लच आधी जातो, मग पुढच्या भागातले रबरी बुश, मग शॉकअप. इनोव्हा यातून अजिबात सुटत नाही. तीही खाते, आणि तिचे सुटे भाग स्वस्त नाहीत. पण ती सांगून खाते. महिनाभर आधी आवाज येतो, स्टिअरिंगला कंप जाणवतो, आणि सुट्टीच्या दिवशी काम करून घ्यायला मालकाला वेळ मिळतो. माझ्या मते तिच्या नावलौकिकाचं खरं कारण हे आहे. न बिघडणारं यंत्र कुणी बनवलेलं नाही. बिघडण्याआधी कळवणारं यंत्र मात्र बनवता येतं.

जुन्या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा एक दिवा असतो. ठरावीक किलोमीटर झाले की तो लागतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडायची वेळ येते, म्हणून दिवा दिसताच शहाणा मालक गाडी गॅरेजला लावतो. त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा. हा लागला की अनुभवी ड्रायव्हर बॉनेट उघडतो, फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करतो, खाली बाटली धरतो आणि हातानं पंप मारून पाणी उतरवतो. आधी गढूळ, मग थेंबाथेंबानं स्वच्छ डिझेल येतं. बोटांना चिकटपणा लागला की स्क्रू आवळायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. हे न करता गाडी दामटली तर पाणी इंजेक्टरपर्यंत जातं, आणि चार इंजेक्टरांचा खर्च ऐकून भलेभले खाली बसतात. चार-पाच लाख किलोमीटर झालेली इनोव्हा आणि तिच्या इंजिनाला अजून पाना नाही, असं कुणी सांगितलं तर त्यातलं निम्मं श्रेय अशा ड्रायव्हरचं असतं. जपानी कंपनीच्या कौतुकात त्याचं नाव येत नाही, ते यायला हवं.

पुढे २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली. २३९३ सीसी, १५० अश्वशक्ती, बेल्टच्या जागी चेन. गाडी जड झाली, रुबाबदार झाली, आमदार-नगरसेवकांच्या दारात दिसू लागली. आमच्या भागातल्या मालकांनी तिच्याकडे बघताना आणखी एक आकडा धरला, तो म्हणजे विकताना येणारी किंमत. हप्ते फिटले की गाडी काढायची आणि त्या पैशात पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट करायचं. इनोव्हाला जुन्या बाजारात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. ज्या घरात पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, तिथे दारात उभी असलेली पिवळ्या पाटीची गाडी हीच शिल्लक असते.

म्हणूनच २०२४ च्या जानेवारीतली बातमी इथे जरा जास्तच लागली. टोयोटासाठी इंजिनं बनवणाऱ्या टोयोटा इंडस्ट्रीज या कंपनीनं डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या प्रमाणपत्रासाठी केलेल्या चाचण्यांत अनियमितता केल्याचं उघड झालं. त्यात क्रिस्टाचं इंजिनही होतं. भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची डीलरांकडे रवानगी काही दिवस थांबवण्यात आली. रस्त्यावरच्या गाड्यांना त्यामुळे धोका नव्हता. पण ही टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे १९२६ मध्ये साकिचीनं माग बनवण्यासाठी काढलेलीच कंपनी. जिच्या पहिल्या यंत्रानं धागा तुटताच थांबायला शिकवलं, तिच्याच प्रयोगशाळेत कुणी दोरी ओढली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

दुसरी सल कामगारांची आहे. बिडदीच्या कारखान्यात २००६, २०१४ आणि २०२० मध्ये टाळेबंदी झाली. २०२० च्या वादात कामाच्या वाढत्या ताणाची तक्रार होती आणि तो काही महिने चालला. सैल राहिलेल्या एका बोल्टसाठी रांग थांबवायचा अधिकार कामगाराला आहे, पण त्याच्या स्वतःच्या दमणुकीसाठी ओढायची दोरी कुठे आहे? तळोज्यातल्या कंत्राटी कामगाराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

२५ नोव्हेंबर २०२२ ला इनोव्हा हायक्रॉस लोकांसमोर आली. चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, विक्रम किर्लोस्कर गेले. लक्ष्मणरावांनंतरच्या चौथ्या पिढीतला, एमआयटीत शिकलेला हा यंत्रशास्त्राचा इंजिनिअर. टोयोटाला इथे रुजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हायक्रॉस ही पूर्णपणे वेगळी गाडी आहे. शिडीची चौकट गेली, डिझेल गेलं, ताकद पुढच्या चाकांना आली. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून चालणारी गाडी. कंपनीचा दावा लिटरला २३.२४ किलोमीटरचा. कंटेनरांच्या रांगेत रांगताना ती बहुतेक वेळ बॅटरीवर, आवाज न करता सरकते आणि क्लच दाबून ड्रायव्हरचा गुडघा दुखत नाही. या रस्त्यासाठी तिच्याइतकी योग्य इनोव्हा आजवर आली नव्हती, असं माझं मत आहे. तरी डिझेलची मागणी एवढी राहिली की २०२३ च्या सुरुवातीला टोयोटानं क्रिस्टा पुन्हा विक्रीला आणली, फक्त डिझेल आणि हातानं टाकायच्या गियरची. भाड्याच्या धंद्यातल्या माणसाला हायक्रॉसची भीती वाटते ती बॅटरीची. बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. रोज धावणारी कंपनीची गाडी तो आकडा आठ वर्षांच्या कितीतरी आधी गाठते. त्यापुढे नाक्यावरचा मिस्त्री काय करणार, याचं उत्तर नाक्यावर अजून तयार झालेलं नाही.

दरम्यान तळोजाही बदलतंय. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली आणि कारखान्यातला बराचसा तरुण स्टाफ तिनं येऊ लागला. पाळीच्या गाड्यांत सीएनजीवरच्या एर्टिगा जास्त दिसतात, कारण तिचा रोजचा खर्च कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि विमानतळ म्हणजे सामानासकट पाच-सहा माणसं नेणारी गाडी, हे गणित घोट-पेंधरच्या पोरांनी लगेच मांडलं. जुनी डिझेल क्रिस्टा घ्यावी, की कर्ज वाढवून हायक्रॉस, यावर घराघरांत खल चालू आहे.

टोयोटा किर्लोस्करनं ३१ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारशी करार केला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे २० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांसाठी. कारखाना उभा राहील तेव्हा त्याच्या साहेबांना ने-आण करायला गाड्या लागतीलच. बिडकीनच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक पट्ट्यात गेल्या, त्यांच्यापैकी कुणी गाडी लावायच्या विचारात असेल तर त्यानं एकदा नावड्याला येऊन इथल्या मालकांशी बोलून जावं. दिव्यांच्या अर्थापासून हप्त्याच्या हिशोबापर्यंत सगळं ते मोकळेपणानं सांगतात.