हिरवळीखालचा तपकिरी थर

बुलढाणा, चिखली, खामगाव, कुठलीही लग्नपत्रिका उघडा, स्थळाच्या ओळीत हल्ली हमखास ‘लॉन’ असतं. तुळशीचं लग्न लागलं की या लॉनवर जो मांडव पडतो तो जूनपर्यंत उठत नाही. खुर्च्यांचे पाय, आचाऱ्याचा टेम्पो, डीजेची गाडी, रात्रभर अंथरलेले गालिचे आणि सकाळी पुन्हा पाण्याचा पाइप. आषाढात तारखा संपतात, मालकाला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि तेव्हा दोन गोष्टी नजरेत भरतात. गवत वरून हिरवं दिसतंय, पण चालताना पाय गादीवर पडल्यासारखा दबतोय. आणि अशोकाच्या रांगेखाली, भिंतीच्या कडेला गवत जाऊन शेवाळ आलंय. माळी म्हणतो, युरिया टाकू. युरिया पडतो, आठवडाभर हिरवळ झळकते, आणि दुखणं आणखी खोल जातं.

खरं काय ते पाहायला पाच मिनिटं आणि एक खुरपं पुरतं. हिरवळीत तीन-चार बोटं खोल, त्रिकोणी काप घ्यायचा आणि तुकडा अलगद उचलून आडवा धरायचा. वर हिरवी पाती, तळाशी काळी माती. मधे तपकिरी, पिंजलेला, एकमेकांत गुंतलेला थर दिसतो. त्यात वाळलेली खोडं आहेत, त्यांची पेरं आहेत, मेलेली आणि काही जिवंत मुळंही आहेत. बोटानं दाबून त्याला पट्टी लावा. सव्वा सेंटिमीटरच्या आत असेल तर खुशाल तुकडा परत बसवा, पाणी घाला आणि विसरून जा. एवढा थर चांगलाच असतो. तो माती झाकतो, ओल धरतो, पायाचा मार झेलतो. त्यापुढे गेला की मात्र त्याचा त्रास सुरू होतो.

बहुतेकांना वाटतं, हा थर मशिनने कापलेल्या पात्यांचा. तसं नाही. कोवळ्या पात्यात पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, पाणीच असतं. कापलेली पाती जमिनीवर पडली तर पावसाळ्यात काही आठवड्यांत कुजून जातात आणि उलट नत्र परत देतात. कुजायला कटकट करतात ती जमिनीलगत धावणारी खोडं, पेरं आणि मुळं, कारण त्यांत लिग्निन असतं. लाकडाला लाकूडपण देणारा हा पदार्थ जिवाणूंना सहज पचत नाही. तो फोडायचा तर ठरावीक बुरशा लागतात, ओल आणि हवा लागते. वरून नवी खोडं रोज येत राहिली आणि खाली जुनी कुजली नाहीत, की थर चढतो. सगळं गणित एवढंच आहे: वाढ किती आणि कूज किती.

आपल्या हिरवळींत हे गणित बिघडायला गवतच कारण आहे. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, जमिनीवरून धावती खोडं सोडते आणि जमिनीखालूनही. ती उन्हाची भुकेली. पंचवीस ते पस्तीस अंश तापमानात तिचा जोर सर्वात जास्त. मैदानांसाठी जगभर लावले जाणारे तिचे बरेच संकर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टनच्या संशोधन केंद्रात तयार झाले. ग्लेन बर्टन यांनी हरळी आणि आफ्रिकेतलं तिचं नातलग गवत यांच्या संकरातून निवडलेला ‘टिफवे’ हा वाण 1960 मध्ये बाहेर आला. दाट, बारीक पात्याचा, कापला की गालिचासारखा दिसणारा. पण दाट याचा अर्थ खोडं जास्त, आणि खोडं जास्त म्हणजे थरही जास्त. नर्सरीत ‘कोरियन’ किंवा ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारी गवतं बहुधा झॉयसिया प्रकारातली. ती सावकाश वाढतात, पण त्यांचं खोड चिवट असल्यानं त्यांचाही थर कुजत नाही आणि मग हिरवळीवर उंचवटे येतात. नर्सरीवाला हे सांगत नाही. त्याला चौरस फुटावर विकायचं असतं.

आता बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या घाटात या. हे ज्ञानगंगा अभयारण्य. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत चालत येऊन पोचला ते. इथल्या उतारांवर कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं कुणी न कापता, न खुरपता शेकडो वर्षं उगवतायत. त्यांच्याखाली वीतभर थर का साचत नाही? कारण खाणारे भरपूर आहेत. रोही आणि गुरं उभं गवत खातात, उरलेलं उधई नेते. उन्हाळ्यात वाळल्या काडीवर मातीचा पातळ पापुद्रा चढलेला दिसला की समजावं, आत उधईचं जेवण चाललंय. तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना आपल्याला न पचणारा लाकडी भाग पचतो. पावसाळ्यात ते काम गांडुळं हाती घेतात. आणि कधी वणवा पेटतो, सगळं एका दुपारी राख होतं, तरी जमिनीखालच्या बुडख्यांतून पहिल्या पावसाला कोंब येतात.

लॉनवर यांपैकी कुणालाच प्रवेश नाही. गुरं आली तर वॉचमन काठी घेऊन धावतो. उधई दिसली की औषध. हुमणीला औषध, बुरशीला औषध. यांतली काही कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं गांडुळांनाही मारतात. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी या थराचे तुकडे नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत भरून हिरवळीत ठेवले होते. काही पिशव्यांची छिद्रं मोठी, गांडूळ आत जाईल अशी. काहींची इतकी बारीक की फक्त सूक्ष्मजीवच जावेत. जिथं गांडुळं पोचली तिथं थर लवकर फुटला आणि त्यात माती मिसळली गेली. गांडूळ थर नुसतं खात नाही, खालची माती त्यात आणून टाकतं, आणि मातीबरोबर कुजवणारे जीव येतात. चार्ल्स डार्विननं 1881 मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. शेतात पसरलेले चुन्याचे आणि कोळशाच्या राखेचे थर गांडुळांच्या मातीखाली वर्षानुवर्षं कसे खाली जातात हे त्यानं मोजून दाखवलं होतं. सकाळी हिरवळीवर दिसणाऱ्या मातीच्या बारीक गोळ्या झाडून टाकणाऱ्या मालकांना मी हे पुस्तक भेट द्यायला तयार आहे.

जमिनीचाही यात वाटा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यात गावागणिक बदलतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. तिथं आणि मेहकरच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी माती उथळ, खाली मुरूम. पाणी पटकन निघून जातं, उन्हाळ्यात वरचा थर कोरडाठाक पडतो, आणि कोरडा थर कुजत नाही. इतका वाळतो की पाणी शोषतही नाही. पाइप धरला तर पाणी थेंबाथेंबानं वरून घरंगळतं आणि खालची मुळं तहानलेलीच राहतात. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगावकडे आलं की पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन. या मातीची एक खोड शेतकऱ्याला ठाऊक आहे: उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा पालापाचोळा, ढेकळं त्या भेगांत पडतात, पावसात माती फुगते, भेगा मिटतात आणि पडलेलं सारं पोटात जातं. माती स्वतःच उलथीपालथी होते. पण बारमाही पाणी दिलेल्या हिरवळीखाली भेगच पडत नाही. म्हणजे हेही फुकटचं काम आपण बंद पाडलं.

त्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा भाग खारपाण पट्ट्यातला. बोअरच्या पाण्यातला सोडियम मातीच्या कणांना एकमेकांपासून सुटं करतो, ते छिद्रांत जाऊन बसतात आणि माती थापलेल्या जमिनीसारखी घट्ट होते. हवा आत जात नाही. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, म्हणून ती जगते. कुजवणाऱ्यांना मात्र हवा हवी असते. शेगावला गजानन महाराज संस्थाननं उभारलेल्या आनंदसागरातल्या हिरवळीवर टेकलेल्यांची संख्या लाखांत भरेल. त्या परिसरात गवत हिरवं ठेवणं म्हणजे काय असतं, हे इथं बोअरचं पाणी भरणाऱ्या कुठल्याही माळ्याला विचारावं.

शेवाळाकडे वळू. आपण शेवाळ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत उघड्या पडलेल्या मातीवर काळपट हिरवा, जेलीसारखा बुळबुळीत पदार्थ दिसतो, ज्यावरून घसरून लोक पडतात, तो बहुतेक वेळा नॉस्टॉक असतो. ही वनस्पतीसुद्धा नव्हे, नीलहरित जिवाणूंची वसाहत आहे. उन्हात ती वाळून काळ्या कागदाच्या कपट्यांसारखी होते आणि पाऊस येताच पुन्हा फुगते. हवेतलं नत्र ती स्थिर करते, त्यामुळे तिचा राग धरायचं कारण नाही. घसरण्याचं कारण मात्र आहे. दुसरं खरं शेवाळ, म्हणजे मॉस: अकरावीच्या प्रयोगवहीत फ्युनारिया म्हणून ज्याची आकृती काढली त्याचे भाऊबंद. चिमटीत धरून भिंगाखाली पाहिलं तर इवल्या खोडाभोवती इवली पानं दिसतात, आणि पावसाळा सरता सरता त्यातून केसाएवढे दांडे वर येतात, टोकाला बीजाणूंची कुपी.

मॉसला मूळ नाही. पाणी आणि क्षार ते अंगभर शोषतं. म्हणूनच गवताला लागते तशी खोल माती त्याला लागत नाही. घट्ट, थापलेली, वरून ओली जमीन त्याला चालते, आणि सावली आवडते. एप्रिलमध्ये ते वाळून मेल्यासारखं दिसतं. तेव्हा त्यावर थोडं पाणी शिंपडून पाहा. काही मिनिटांत पानं उघडतात आणि हिरवा रंग परततो. लोणारच्या विवराच्या काठावर धारेच्या देवळात, जिथं झऱ्याचं पाणी सतत वाहतं, तिथले ओले दगड हे त्याचं हक्काचं घर. लॉनवर ते गवताला हाकलून येत नाही. गवत आधीच उठून गेलेलं असतं, मग रिकाम्या जागेत ते बसतं. अशोकाखाली हरळी मेली ती सावलीनं आणि खुर्च्यांच्या दाबानं. शेवाळ खरवडून काढलं आणि सावली तशीच ठेवली, तर पुढच्या आषाढात ते पुन्हा तिथंच. उलट खरवडताना त्याचे तुकडे चारी बाजूंना उडतात, आणि मॉसचा तुकडा म्हणजे नवं रोपच.

इथं इंग्रजी पुस्तकांचा आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंचा एक सल्ला सांभाळून घ्यायला हवा: शेवाळावर चुना टाका. ब्रिटनमध्ये पावसानं धुतलेली माती अनेक ठिकाणी आम्ल असते, गवत दुबळं पडतं, म्हणून तिथं चुन्याला अर्थ आहे. आपली काळी माती आधीच विम्ल, सामू आठच्या आसपास, आणि खणलं की चुनखडीचे खडे हाताला लागतात. त्यात आणखी चुना ओतणं म्हणजे लोह आणि जस्त गवताच्या तोंडून काढून घेणं. आपल्याकडे हिरवळ पिवळी पडते ती कितीदा तरी लोहाच्या कमतरतेनं, आणि आपण मात्र नत्राचा डोस वाढवतो. लिटरला पाच ग्रॅम हिराकसची फवारणी त्यावर पुष्कळदा पुरते. हिराकसचं जास्त तीव्र द्रावण शेवाळावर पडलं तर ते काळं पडून मरतं, त्यामुळे एकाच पिशवीत दोन्ही कामं होतात. फरशीवर सांडू देऊ नये. गंजाचे डाग निघत नाहीत, आणि मग घरातलं दुसरं भांडण सुरू होतं.

थर काढायचा तो कधी? इंग्रजी सल्ला म्हणतो सप्टेंबरात, कारण त्यांची गवतं थंडीची. त्यांना तेव्हा भर येतो. तो ऐकून कुणी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास लॉन खरवडलं तर हरळीचे घाव होळीपर्यंत उघडे राहतील. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत ती जवळजवळ झोपलेली असते. आपला हंगाम मृगाचा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, उघडीप मिळाली आणि जमिनीला वाफसा आला की लगेच. चिखलात अजिबात नाही; काळ्या ओल्या मातीवर माणसं नाचवली तर एका दिवसात वर्षाचं नुकसान होतं. नेमक्या याच दिवसांत लग्नाच्या तारखाही संपत येतात, त्यामुळे लॉनमालकाची गल्ल्याची तक्रार नसते.

आधी गवत दोन-तीन वेळा मिळून खाली आणायचं, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त न कापता. घरच्या अंगणाला लोखंडी दाताळं पुरतं: आधी उभं ओढायचं, मग आडवं. मोठ्या मैदानाला उभ्या पात्यांचं यंत्र भाड्यानं मिळालं तर बरं. सगळा थर एकाच वर्षी काढायचा हट्ट नको. मुळं थरातच वसलेली असतील तर हिरवळच उचलून येईल. निम्मा काढा, उरलेला पुढच्या मृगाला. त्यानंतर पोकळ दात्यांच्या अवजारानं किंवा निदान पहारीनं बोटभर खोल, वीतभर अंतरावर भोकं पाडायची, कारण लग्नांचा दाब त्याखेरीज सुटत नाही. वर चाळलेली पोयटा माती आणि गांडूळखत यांचा अर्धा सेंटिमीटर थर पसरून झाडूनं आत सारायचा. खरं औषध हेच: उरलेल्या थरात माती आणि जीव गेले की तो कुजायला लागतो. पंधरवडाभर मैदान उघडंबोडकं, भयाण दिसतं. मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अशोकाच्या सावलीत मात्र हट्ट सोडावा. तिथं हरळी लावणं म्हणजे दरवर्षी पैसे पुरणं. फरसबंदी करा, सावलीत तगणारी झाडं लावा, नाहीतर शेवाळालाच राहू द्या, दिसतंही बरं.

उरतो तो खरवडून निघालेला ढीग. तो पेटवायचा नाही, ओला असतो, नुसता धूर होतो. आणि ट्रॉलीत भरून कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर तर मुळीच टाकायचा नाही. त्यात हरळीच्या जिवंत पेरांची खोडं असतात आणि पावसात प्रत्येक पेर मूळ धरतं. ज्या हरळीच्या काशा काढायला शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, मजूर लावून त्या वेचतो, मेच्या उन्हात वाळवतो, तीच आपण चौरस फुटाच्या भावानं विकत आणलेली असते. ढीग खड्ड्यात टाकून, शेणकाला शिंपडून, वर काळा प्लास्टिक कागद घट्ट दाबून निदान सहा महिने झाकून ठेवावा. उघडल्यावर एकही हिरवा कोंब दिसला, तर कागद परत टाकावा.