डोंगरयात्रेची पूर्वतयारी

महाडच्या अलीकडे, सावित्री नदीच्या तीरावर दासगाव हे गाव वसलेले आहे. येथे नदीला खाडीचे रूप येते. भरतीच्या वेळी पाणी काठाला चढते आणि ओहोटीला पुन्हा उतरते. मात्र हीच सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे पुष्कळ प्रवासी याच मार्गाने जात. मुंबईहून जलमार्गाने बाणकोट, तेथून खाडीने दासगाव किंवा महाड, आणि पुढे पोलादपूरवरून घाट चढून महाबळेश्वर, असा तो प्रवास असे. खाडीत भरतीची वेळ साधावी लागे. घाट चढताना कोणी पालखीत बसे, कोणी तट्टावर, तर कोणी पायीच चाले. भरती चुकली, तर श्रीमंतालाही पुढच्या भरतीची वाट पाहत बसावे लागे. निसर्गाचे वेळापत्रक माणसाच्या इच्छेने बदलत नाही. म्हणून माणसानेच आपला बेत त्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावा लागतो. डोंगरयात्रेच्या पूर्वतयारीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

सुटीत डोंगरात भटकंतीस जावे असे ठरले, की मुलांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "कोठे जायचे?" वास्तविक त्याआधी विचारावयाचा प्रश्न आहे, "केव्हा जायचे?" महाबळेश्वरावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. पावसाने डोंगराची माती जड व सैल होते, ओढे क्षणात फुगतात आणि कडे निसटतात. सन २००५ च्या जुलैमध्ये अतिवृष्टी होऊन दासगाव, जुई, रोहन व कोंडिविते या गावांवर दरडी कोसळल्या आणि अनेक कुटुंबे गाडली गेली. सन २०२१ च्या जुलैमध्ये याच तालुक्यातील तळिये गावावर तसाच घाला पडला. डोंगराच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर जेथे असा प्रसंग येतो, तेथे चार दिवसांच्या पाहुण्याने किती जपून असावे, हे सांगावयास नको. उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. झरे आटतात, टाकी कोरडी पडतात आणि कातळ तापतो. म्हणून सह्याद्रीतील मोठ्या चढणींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम समजावेत.

काळ ठरल्यावर वाट निवडावी. नवख्या माणसाने आरंभीच अवघड वाट धरू नये. महाड परिसरातील मुलांनी प्रथम रायगड पायऱ्यांनी चढून पाहावा. हजाराहून अधिक पायऱ्या चढल्यावर आपला दम किती, पाय किती टिकतात आणि पाणी किती लागते, हे प्रत्येकाला स्वतःचे स्वतः कळते. पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावातून चंद्रगडाजवळून, बहिरीच्या घुमटीवरून मढीमहालाला, म्हणजेच आर्थर सीटला, जाणारी वाट याहून फार कठीण आहे. तीत हजार मीटरांहून अधिक चढ आहे आणि दाट रानही आहे. अशा वाटेने मुलांनी अनुभवी मोठ्या माणसांवाचून आणि गावातील वाटाड्यावाचून जाऊ नये. नकाशात वाट दिसते. पण यंदा ती कोठे खचली, कोणत्या झऱ्याला अजून पाणी आहे आणि कोणत्या कड्याला आग्या माश्यांची पोळी लागली आहेत, हे गावकऱ्यालाच ठाऊक असते.

यानंतर वेळेचा हिशेब करावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये यासाठी एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर दर पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि चढाच्या दर सहाशे मीटरांना आणखी एक तास मिळवावा. समजा, एका दिवसाची वाट १० किलोमीटर असून तीत १,२०० मीटर चढ आहे. अंतराचे दोन तास आणि चढाचे दोन तास मिळून चार तास झाले. परंतु हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे. मुले, पाठीवरचे ओझे आणि झाडीतली वाट लक्षात घेऊन तो दीडपट केला, तर सहा तास होतात. विश्रांती व भोजन यांसाठी दोन तास धरले, की आठ तास झाले. सकाळी सातला निघालेली मंडळी दुपारी तीनला माथ्यावर पोहोचतील. डिसेंबरात कोकणात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तीन तास हाताशी उरतील. तीच मंडळी आळसाने दहाला निघाली, तर माथा गाठता गाठता अंधार पडेल. डोंगर तोच, वाट तीच आणि माणसेही तीच. केवळ निघण्याच्या वेळेने सुखाची यात्रा संकटाची होते.

या हिशेबातच एक वेळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. ती म्हणजे परत फिरण्याची वेळ. वरील उदाहरणात बारा वाजेपर्यंत निम्मी वाट सरली नाही, तर तेथूनच मागे वळावे, असे घरी असतानाच ठरवावे. बारापर्यंतच्या पाच तासांत जेवढी वाट चढून झाली, तेवढी उतरून उजेडी गावात पोहोचता येते. हा निर्णय डोंगरावर घेऊ म्हटल्यास तो नीट घेतला जात नाही. तेव्हा माथा समोर दिसत असतो, सोबती पुढे चालण्याचा आग्रह करीत असतात आणि थकलेल्या मनाला हिशेब सुचत नाही. शांत मनाने घरी घेतलेला निर्णय अशा वेळी उपयोगी पडतो.

आता ओझ्याचा विचार करू. मुलाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे पाठीवर घेऊ नये. पस्तीस किलोच्या मुलाला ही मर्यादा सात किलो पडते. दिवसभराला तीन लिटर पाणी घेतले, तर त्याचेच तीन किलो झाले. उरलेल्या चार किलोंत खाद्यपदार्थ, उबदार कपडा, विजेरी, शिटी, औषधे आणि पट्ट्या बसवावयाच्या असतात. असा हिशेब मांडला, की गरजेच्या वस्तू कोणत्या आणि हौसेच्या कोणत्या, हे आपोआप स्पष्ट होते. भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे हे जुने पदार्थ हलके, टिकाऊ आणि बळ देणारे आहेत. बूट नवे कोरे नसावेत. निदान दोन आठवडे वापरून ते पायाशी जुळलेले असावेत.

उंचीबरोबर हवाही पालटते. दर हजार मीटरांना तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून दासगावात २८ अंश असताना महाबळेश्वरी सुमारे १९ अंशच असू शकतात. हिमालयात चार हजार मीटरांवर गेल्यास हा फरक २६ अंशांचा होतो. परंतु तेथे थंडीहूनही मोठी अडचण असते ती विरळ हवेची. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्माच उरतो आणि प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे सह्याद्रीत चालणे, चढणे, ओझे वाहणे आणि वेळ पाळणे शिकता येते. विरळ हवेशी ओळख मात्र होत नाही. येथला बळकट गडीही हिमालयात डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांनी बेजार होऊ शकतो. त्यात त्याला कमीपणा नाही; कारण शरीराला नव्या हवेची सवय होण्यास दिवस लागतात.

यासाठी हिमालयाचा बेत आखताना तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्याचा ठेवावा. कागदावर हे दिवस रिकामे वाटतात; परंतु सारी यात्रा त्यांच्यावरच उभी असते. डोके दुखू लागल्यास ते लपवू नये. तत्काळ प्रमुखास सांगावे आणि चढणे थांबवावे. त्रास वाढला, तर रात्र असो वा दिवस, खाली उतरावे.

शेवटची तयारी घरी राहणाऱ्यांसाठी करावयाची असते. कोण कोण जाणार, कोणत्या वाटेने, कोठे मुक्काम आणि परत केव्हा येणार, हे एका कागदावर लिहून घरी आणि पायथ्याच्या गावी ठेवावे. ठरल्या वेळी मंडळी आली नाहीत, तर शोध कोठे घ्यावा, हे त्या कागदावरून समजते. वाटेत कोणी मागे पडल्यास सर्वांनी थांबावे. समूहाची चाल ही सर्वांत मंद चालणाऱ्याची चाल असली पाहिजे.

अशी तयारी करणाऱ्याला कोणी भित्रा म्हणेल. पण माथा चढून जाणे हे यात्रेचे अर्धेच अंग होय. सर्व सोबत्यांसह सुखरूप घरी येणे हे दुसरे अंग. ज्याने बेत नीट आखला आहे, त्याचे मन वाटेत चिंतेने व्यापलेले नसते. मढीमहालाच्या कड्यावर उभा राहून तो खाली सावित्रीचे खोरे शांतपणे न्याहाळू शकतो. आणि दासगावच्या खाडीला जाऊन मिळणारे पाणी केवढा उतार उतरून येते, हे त्याला आपल्या पायांनीच उमगलेले असते.