लॉर्ड हाउ बेटावरील स्वयंसेवक

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारें ६०० किलोमीटर अंतरावर, टास्मन समुद्रांत, लॉर्ड हाउ नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. लांबी सुमारें ११ किलोमीटर, रुंदी फार तर दोन. दक्षिण टोंकास गोवर व लिजबर्ड हे दोन काळेकभिन्न पर्वत, आणि सखल भागांत सुमारें ४०० माणसांची वस्ती. एका वेळीं ४०० हून अधिक प्रवासी बेटावर राहूं द्यावयाचे नाहींत, असा तेथील नियम आहे. या पाहुण्यांत कांहीं माणसें अशींही असतात कीं, जीं स्वखर्चानें येतात आणि सुटीच्या सकाळी जंगलांत गुडघे टेकून तण उपटण्यांत घालवितात. हे श्रम कशासाठीं, आणि एवढ्या मोठ्या रानांत मूठभर हातांचा उपयोग तो काय, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल.

त्याचें उत्तर बेटाच्या इतिहासांत आहे. समुद्रांतील ज्वालामुखीपासून सुमारें ७० लाख वर्षांपूर्वीं निर्माण झालेलें हें बेट कोणत्याही खंडास कधींच जोडलेलें नव्हतें. वटवाघळें सोडल्यास भूमीवरील एकही सस्तन प्राणी तेथें पोंचला नाहीं. शत्रूच नसल्यानें कांहीं पक्षी उडणें विसरले, आणि जगांत अन्यत्र न आढळणाऱ्या अनेक वनस्पती तेथें वाढल्या. शहरांतील दिवाणखान्यांत कुंडींत दिसणारा केंटिया पाम मूळचा याच बेटाचा. १७८८ सालीं ब्रिटिश दर्यावर्द्यांनीं बेट पाहिलें तेव्हां तेथें मनुष्यवस्ती नव्हती. १८३४ पासून ती झाली, आणि तिच्याबरोबर डुकरें, शेळ्या व मांजरें आलीं.

मोठा घाला मात्र १९१८ सालीं पडला. 'मकांबो' नांवाची आगबोट किनाऱ्याजवळ खडकावर चढली, आणि तिच्यावरील उंदीर बेटावर आले. पुढील कांहीं वर्षांतच बेटावरील पांच जातींचे पक्षी जगांतून कायमचे नाहींसे झाले. एक मोठा काडीकिडाही नष्ट झाला असें सर्वांनीं धरलें. तो २००१ सालीं, २३ किलोमीटर दूर असलेल्या 'बॉल्स पिरॅमिड' या उघड्या सुळक्यावरील एका झुडपाखालीं जिवंत सांपडला. उंदरांचा नाश व्हावा म्हणून बाहेरून घुबडें आणून सोडण्यांत आलीं. पण उंदीर संपले नाहींत, आणि घुबडें मात्र नवें संकट होऊन बसलीं. निसर्गांतील चूक घाईनें दुरुस्त करूं जातां दुसरी चूक कशी घडते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

उंदीर निदान दिसतात. तण मात्र बागेच्या फाटकांतून सभ्यपणें आंत येतें. शोभेसाठीं किंवा फळांसाठीं लावलेलीं अनेक झाडें कुंपण ओलांडून रानांत शिरलीं. त्यांत मुख्य दोन: दक्षिण अमेरिकेंतील बारीक फळांचा पेरू, आणि आपल्या शतावरीच्याच कुळांतील, दक्षिण आफ्रिकेहून आलेली एक नाजूक पानांची वेल. दोहोंचीं फळें पक्षी आवडीनें खातात आणि बिया दूरवर टाकतात. वेलीचें दाट जाळें जमिनीवर पसरलें कीं, स्थानिक झाडांच्या रोपांना उजेड व जागा मिळत नाहीं. मोठे वृक्ष उभेच असल्यानें रान वरून हिरवेंगार दिसतें. परंतु त्यांच्या मागें येणारी पिढी खालींच गुदमरलेली असते.

हें तण काढण्याचें कामही वाटतें तितकें सोपें नाहीं. शतावरीची वेल वरून ओढली तर तुटून हातांत येते व पुन्हां फुटते. तिच्या मुळांवर पाणी सांठविणाऱ्या ज्या गांठी असतात, त्या मागें राहिल्या तरी चालतें. त्यांपासून नवें रोप उगवत नाहीं. जिवंत असतो तो त्यांच्या माथ्याचा गड्डा. तोच सुरीनें कापून बाहेर काढावा लागतो. पेरूचें झाड बुंध्याशीं तोडून कापावर लगेच तणनाशक लावावें लागतें, नाहीं तर बुंधा पुन्हां पालवतो. नवख्या माणसास हा फरक आधीं शिकविला जातो. मग माणसें हातभर अंतर राखून एका रांगेंत उभीं राहतात आणि रान पट्ट्यापट्ट्यानें तपासीत पुढें सरकतात. जेथें मन रमेल तेथें उपटावें, अशी मोकळीक नसते.

या शिस्तीचें कारण साध्या हिशेबांत आहे. जमिनींत पडलेल्या बिया एकाच वर्षीं रुजत नाहींत. म्हणून साफ केलेल्या जागीं पुन्हां पुन्हां यावें लागतें, आणि तेंही नवें रोप फळावर येण्यापूर्वीं. एक रोप चुकून राहिलें आणि फळलें कीं, कित्येक वर्षांचे श्रम वायां जातात. बेटाच्या मंडळानें २००४ पासून निर्मूलनाची पद्धतशीर मोहीम चालविली आहे. पगारी कामगार उभ्या कड्यांवर दोर लावून उतरतात. स्वयंसेवक सखल व चढउताराच्या रानांत त्यांना हातभार लावतात. 'फ्रेंड्स ऑफ लॉर्ड हाउ आयलंड' ही संस्था अशा स्वयंसेवकांना एकत्र आणते. मोहिमेंत लाखो रोपें निघालीं. तरी मोजावयाचें तें निघालेल्या रोपांचें नव्हे, तर पुढच्या फेरींत कमी सांपडलेल्या रोपांचें.

बाहेरून आलेल्या उत्साहानें सर्व कांहीं साधत नाहीं, हें उंदरांच्या प्रकरणीं दिसलें. सर्व बेटावर विषारी आमिष टाकण्याच्या योजनेस अनेक रहिवाशांचा विरोध होता. मुलें, गुरें, पक्षी आणि प्रवाशांवर चालणारा चरितार्थ यांची त्यांना काळजी होती, आणि ती अवास्तव नव्हती. २०१५ सालीं मत घेतलें तेव्हां कौल थोडक्या बहुमतानें अनुकूल पडला. २०१९ सालीं मोहीम झाली. तत्पूर्वीं वुडहेन हा पाणकोंबडीच्या कुळांतील न उडणारा दुर्मिळ पक्षी मोठ्या संख्येनें पकडून सुरक्षित ठेवण्यांत आला. २०२१ सालीं उंदीर पुन्हां आढळले, आणि प्रशिक्षित कुत्रे घेऊन शोध नव्यानें सुरू करावा लागला. उंदीर बिया खातांना देशी आणि परकी असा भेद करीत नसत. ते नसतां दोन्ही बिया रुजणार. म्हणजे उंदरांवरील यशानें तण काढणाऱ्यांचें काम हलकें न होतां अधिक निकडीचें होतें.

स्वयंसेवकानें स्वतःवरही पहारा ठेवावयाचा असतो. बुटाच्या तळाला चिकटलेल्या चिखलांतून बी वा रोगाची बुरशी येऊं शकते. म्हणून पायवाटेच्या तोंडाशींच बूट घासून धुवावे लागतात. २०१६ सालीं झाडांवरील तांबेरा रोग बेटावर शिरला होता. तो वेळींच आटोक्यांत आणावा लागला. सेवेला आलेला पाहुणाच संकट घेऊन येऊं शकतो, ही जाणीव येथें पहिली अट मानली जाते.

अशा सेवेंत मिरविण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. आठवडाभर राबलेल्या माणसास परततांना दिसतो तो कांहीं एकरांचा मोकळा झालेला तळ, आणि तोही पुढें कोणी पुन्हां तपासला तरच मोकळा राहणारा. त्या पुढच्या माणसाशीं त्याची बहुधा कधीं भेटही होत नाहीं. परंतु गड्डा नीट कापला गेला आहे, रांगेंत जागा सुटलेली नाहीं, एवढा भरंवसा दोघांनीं एकमेकांवर टाकलेला असतो. लॉर्ड हाउचें रान आज त्या भरंवशावर उभें आहे.