'पगार' : एका उच्चाराची तीन कुळे

प्रस्तावना

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही चाकरमान्यांची नगरे म्हणून ओळखली जातात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि पुढे येथील असंख्य कुटुंबांचे जीवन मासिक प्राप्तीशी बांधले गेले. या प्राप्तीस कागदोपत्री 'वेतन' म्हणत असले, तरी बोलण्यात येतो तो 'पगार'. याच किंवा याच्याशी मिळत्याजुळत्या उच्चाराचे शब्द अन्य भाषांत निराळ्या अर्थाने आढळतात. उच्चारसाम्यावरून शब्दाचे कूळ ठरविता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी 'पगार'

मराठीतील 'पगार' पोर्तुगीज भाषेतून आला. तेथे 'पगार' हे क्रियापद असून त्याचा अर्थ 'देणे चुकते करणे' असा आहे. १५३४ च्या तहाने वसई प्रांत गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला व ठाणे १७३७ पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिले. कोकण किनाऱ्यावरील अशा दीर्घ संपर्कातून पाव, बटाटा, चावी, नाताळ हे शब्द मराठीत रुळले. 'पगार' त्यांपैकीच होय. मराठीने क्रियापदाचे नाम केले आणि पोर्तुगीजमधील अंत्य अक्षरावरचा आघात दीर्घ 'गा'च्या रूपाने जपला. मराठी व पोर्तुगीज या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील असल्या, तरी हा शब्द वारशाने नव्हे, तर उसनवारीने आला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे' म्हणजे 'शांत करणे' यात आहे. धनकोचे समाधान करणे, म्हणून त्याचे देणे फेडणे, असा अर्थविस्तार झाला.

मलय 'पगार' आणि प्राकृत 'पागार'

मलय भाषेत 'पगार' म्हणजे कुंपण. पगाराने भात खाल्ले, अशा आशयाची म्हण त्या भाषेत आहे. मराठीतील 'कुंपणच शेत खाते' या म्हणीचे ते जुळे भावंडच. दुसरीकडे, संस्कृत 'प्राकार' या तटबंदीवाचक शब्दाची प्राकृतात 'पागार' व 'पायार' अशी रूपे मिळतात.

येथे उच्चार आणि अर्थ दोन्ही जवळ येतात. मलयने संस्कृतातून अनेक शब्द घेतले असल्याने 'पगार'ही तसाच आला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जावानी भाषेत कुंपणास 'पगेर' म्हणतात. अशा भगिनीभाषांतील रूपांच्या आधारे अभ्यासक हा शब्द ऑस्ट्रोनेशियन कुळाचाच मानतात.

साम्य आणि नाते

लॅटिन 'पाकारे'तील 'क'चा पोर्तुगीजमध्ये 'ग' झाला, तर फ्रेंचमध्ये त्याच जागी 'य' येऊन 'पेये' हे रूप सिद्ध झाले. त्यातूनच इंग्रजी 'पे' आला. 'प्राकार'तील 'क'चेही प्राकृतात 'ग' व 'य' झाले. स्वरांमधील 'क' मृदू होण्याची ही प्रवृत्ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली. तिच्यावरून त्या शब्दांचे नाते सिद्ध होत नाही. उलट, कानाला परके वाटणारे 'पगार' आणि 'पे' हे सख्खे भाऊ ठरतात. पगारपत्रकाला कोणी 'पे-स्लिप' म्हटले, तरी तो एकाच घराण्यातील शब्द वापरत असतो.

निष्कर्ष

वर्गात शब्दव्युत्पत्तीचे प्रकल्प दिले जातात तेव्हा विद्यार्थी पुष्कळदा कानावर विसंबतो. 'तटाच्या आत चाकरी करणाऱ्यास मिळतो तो पगार' अशी व्युत्पत्ती त्याने मांडली, तर ती सुसंगत भासेल. स्वभाषेच्या प्राचीनतेचा अभिमान तिला बळही देईल. म्हणून प्राध्यापकाने तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : शब्द कोणत्या मार्गाने आला, ध्वनिपरिवर्तन नियमाला धरून आहे काय, आणि भगिनीभाषांत त्याची कोणती रूपे आढळतात? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत उच्चारसाम्य हे शोधाचे निमित्त मानावे. पुरावा मानू नये.