हिमाच्छादित रस्ता आणि दोषनिश्चिती

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हिमवर्षाव वाढला म्हणजे रस्त्यावर रंगविलेल्या मार्गिकांच्या रेषा दिसेनाशा होतात. तीन मार्गिकांच्या रस्त्यावरून वाहने दोनच रांगांनी, पुढील वाहनाने पाडलेल्या चाकोरीतून जाऊ लागतात. अशा वेळी दोन वाहने एकमेकांस घासल्यास दोष कोणाचा? ‘रेषा दिसत नव्हती’ हे उत्तर स्वाभाविक असले, तरी अपराध, विमा आणि दिवाणी दायित्व या तीन क्षेत्रांत त्याचे मोल निरनिराळे ठरते.

प्रथम अपराधाचा विचार करू. प्रांताच्या महामार्ग वाहतूक अधिनियमाचे कलम १५४ ‘स्पष्टपणे आखलेल्या’ मार्गिकांना लागू आहे. सुरक्षिततेची खात्री करून घेतल्यावाचून मार्गिका बदलू नये, असे ते सांगते. बर्फाखाली गेलेली रेषा ‘स्पष्ट’ नव्हे, असा युक्तिवाद येथे करता येईल. परंतु तेवढ्याने चालक मोकळा होत नाही. कलम १४८ अन्वये समोरून येणाऱ्या वाहनासाठी रस्त्याचा अर्धा भाग मोकळा ठेवावा लागतो, आणि हा अर्धा भाग रंगाने नव्हे, तर रस्त्याच्या रुंदीने ठरतो. कलम १३० योग्य दक्षतेची व इतरांविषयी वाजवी विचाराची अपेक्षा करते. वेग कमी करणे, अंतर वाढविणे, चाकोरी एकाएकी न सोडणे, हा जो शिष्टाचार म्हणून ओळखला जातो, त्यास याच कलमाचे पाठबळ आहे.

विम्याचे तत्त्व अधिक कठोर आहे. विमा अधिनियमाखालील विनियम ६६८ अन्वये दोषाचे प्रमाण ठरविताना हवामान, रस्त्याची स्थिती व दृश्यमानता विचारात घ्यावयाची नसते. शेजारच्या मार्गिकांतून एकाच दिशेने जाणारी दोन वाहने घासली आणि त्यांचे स्थान निश्चित करता आले नाही, तर प्रत्येक चालकावर ५० टक्के दोष येतो. दावे सत्वर निकालात निघावेत यासाठी ही व्यवस्था उपयुक्त आहे. तथापि तिची किंमत सावध चालकास मोजावी लागते. तो आपल्याच बाजूस होता हे सिद्ध न झाल्यास निम्मा दोष त्याच्या माथी येतो.

शारीरिक इजेबद्दलच्या दाव्यात न्यायालय या विनियमाने बांधलेले नसते. तेथे कसोटी विवेकी चालकाची असते. बर्फ ही परिस्थिती विचारात घेतली जाते, पण ती सबब म्हणून नव्हे. अधिक दक्षतेचे कारण म्हणून. परंतु दोषाचे प्रमाण ठरविणे व्यवहार्य नसेल, तर निष्काळजीपणाविषयीच्या अधिनियमाचे कलम ४ पक्षकारांना समान दोषी मानते.

दोन्ही मार्ग अखेर निम्म्या वाटणीपाशी येतात. मात्र विम्यात तो सोयीचा नियम आहे, तर न्यायालयात पुरावा संपल्यानंतरचा अखेरचा उपाय. म्हणूनच हिमातील अपघाताचा खरा प्रश्न पुराव्याचा आहे. रेषा निदान बर्फाखाली शाबूत असते. चाकांचे ठसे मात्र बर्फ हटविणाऱ्या यंत्राच्या एका फेरीत नाहीसे होतात. रस्त्याची कड, खांब व ठसे यांसह वाहनांच्या स्थितीचे छायाचित्र वेळीच घेणाऱ्यासच ही समान वाटणी टाळण्याची आशा धरता येते.