पंचांगावरचा अंगठा

जलपायगुडीतल्या एका चहामळ्याचा इंग्रज मॅनेजर आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. तिजोरी उघडी, कागदांची पेटी विस्कटलेली. पेटीत एक बंगाली पंचांग होतं आणि त्याच्या निळ्या वेष्टनावर दोन पुसट, तपकिरी डाग. त्यांतला एक उजव्या अंगठ्याचा निघाला. कोलकात्यात १८९७ मध्ये जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं होतं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी दहा बोटांच्या ठशांची १,०२४ खणांत विभागणी करण्याची रीत तिथे बसवली, नाव मात्र वरिष्ठ एडवर्ड हेन्रींचं लागलं. या केंद्राच्या नोंदींत तो अंगठा सापडला. मॅनेजरकडे पूर्वी कामाला असलेल्या आणि चोरीबद्दल तुरुंगात जाऊन आलेल्या एका नोकराचा तो होता.

१८९८ मध्ये निकाल लागला. चोरी शाबीत झाली, खून नाही. डाग रक्ताचा असल्याचा अहवाल होता, पण खून होताना कुणी पाहिलं नव्हतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. या बोटाने या वस्तूला स्पर्श केला, एवढंच ठसा सांगतो. केव्हा आणि कशासाठी, ते तपासाने शोधायचं असतं.

हा स्पर्श टिकतो तो घामामुळे. बोटांच्या टोकांवर तैलग्रंथी नसतात. तिथला घाम बहुतांशी पाणीच असतो, त्यात थोडे क्षार आणि अमिनो आम्लं. तेलकटपणा येतो तो कपाळाला, केसांना हात लागल्यामुळे. पाणी उडून जातं आणि उरलेल्या नखभर ऐवजावर तपास उभा राहतो. काच, स्टीलचा डबा, रंगवलेलं कपाट अशा गुळगुळीत पृष्ठभागावर ब्रशने पावडर फिरवली की ती रेषांना चिकटते, मग ठसा पारदर्शक टेपवर उचलतात. पण आधी फोटो, कारण ब्रशचा एक जड हातही रेषा पुसून टाकतो. कागदाचं वेगळं. त्यात अमिनो आम्लं मुरून बसतात, म्हणून निनहायड्रिन लावल्यावर वर्षांनंतरही जांभळा ठसा उमटू शकतो. प्लास्टिकची पिशवी बंद पेटीत ठेवून तिला सुपरग्लूची वाफ देतात. हवेत पुरेशी आर्द्रता असेल, तर रेषांवर पांढरा थर धरतो. वस्तू भिजलेली असेल तर पावडर उपयोगाची नाही, तिथे तेलकट अंशाला धरणारी रसायनं लागतात. कुठे काय वापरायचं आणि कोणत्या क्रमाने, यात चूक झाली तर दुसरी संधी बहुधा मिळत नाही.

घटनास्थळी मिळणारा ठसा, पोलिसांच्या भाषेत ‘चान्स प्रिंट’, बहुतेकदा अर्धवट आणि घसटलेला असतो. खरी जोखीम इथे आहे. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा असल्याचं एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. संगणकाने काढलेल्या संभाव्य जुळण्यांत त्यांचं नाव होतं, आणि एकाने जुळवल्यावर पुढच्यांनीही जुळवलं. स्पॅनिश पोलिसांनी आधीच शंका घेतली होती, तरी मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत राहिले. शेवटी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा ठरला.

बोटांचे ठसे एकसारखे नसतात हे खरंच आहे, चूक झाली ती पाहणाऱ्या डोळ्यांची. २००६ मध्ये संशोधक इटिएल ड्रोर यांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी जुळवलेले ठसे ‘मेफिल्ड प्रकरणात चुकून जुळवलेले’ म्हणून दाखवले, तेव्हा चौघांनी आपलं मत बदललं. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात १६९ तज्ज्ञांची परीक्षा झाली. न जुळणारे ठसे चुकून जुळवण्याचं प्रमाण ०.१ टक्का, तर खरे जुळणारे नाकारण्याचं ७.५ टक्के निघालं. हे शास्त्र विश्वासार्ह आहे, पण अचूक नव्हे. म्हणून संशयिताचा ठसा पाहण्याआधीच घटनास्थळीच्या ठशातले बारकावे नोंदवून ठेवायचे, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत कळू द्यायचं नाही, हे दोन नियम मला कोणत्याही महागड्या यंत्राइतकेच मोलाचे वाटतात.

आपल्याकडे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आवश्यक केलं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. राहत्या घरातल्या चोरीलाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे गल्लोगल्लीच्या घरफोड्याही यात येतात. इतके तज्ज्ञ तालुक्यापर्यंत पोचवायचे तर भरती आणि प्रशिक्षण आत्ताच जोरात सुरू हवं. आणि तज्ज्ञ दारात येईपर्यंत कपाट बंद करू नये, दागिन्यांचा रिकामा डबा उचलून पाहू नये, सांडलेलं आवरायला घेऊ नये. धीर द्यायला आलेल्या शेजाऱ्यांनाही उंबऱ्याबाहेरच थांबवावं.